ओल्या गाळाचे आकडे

ट्युनिसियातल्या गाबेसच्या किनाऱ्यावरून चाळीस ठिकाणचा गाळ काढला होता, आणि चाळीसही ठिकाणी कॅडमियम हा विषारी धातू मर्यादेच्या आत निघाला होता. मबरूकानं तक्ता दोनदा वाचला. आकडे तपासून सही करणं तिचं काम. सही झाली की खताच्या कारखान्याला आणखी पाच वर्षं सांडपाणी समुद्रात सोडायची मोकळीक मिळणार होती.

"पडताळणीच्या बाटलीचा आकडा बरोबर आलाय," प्रयोगशाळेचे प्रमुख सी लझर म्हणाले. "आता कशाला अडलीस?"

त्या बाटलीत परदेशातून आलेला गाळ असतो. त्यात कॅडमियम किती, ते आधीच ठाऊक असतं. पण तो येतो कोरडाच; समुद्राचा गाळ मात्र आधी ओव्हनमध्ये वाळवून मग तोलायचा असतो. मबरूकानं ओव्हनचं रजिस्टर मागवलं. रमजानपासून एकही नोंद नव्हती.

"ओव्हन बंद आहे?"

"पार्ट यायचाय ट्युनिसहून."

"म्हणजे समुद्राचा गाळ ओलाच तोलला? अहो, निम्मं पाणी असतं त्यात! पाण्याच्या वजनात विष वाटून टाकलंत तुम्ही."

"ओरडू नकोस. चूक वाटते ना? मग मार सगळ्यांवर 'बाद'चा शिक्का."

तिनं शिक्का उचललाही. मग हात थांबला. बाद आकडे अहवालातून गळतात. या वर्षी मोजणीच झाली नाही म्हणायचं आणि जुन्या आकड्यांवर परवाना द्यायचा, एवढंच उरलं असतं.

"हेच हवंय तुम्हाला! माझी आत्या रोज ओहोटीला त्या चिखलात तिसऱ्यांच्या शिंपल्या उकरते. तुमच्याही घरी जातात ना त्या?"

"आता आम्ही स्फाक्स शहरातून आणतो," सी लझर म्हणाले.

मबरूकानं शिक्का खाली ठेवला. फ्रीजरमध्ये राखून ठेवलेल्या गाळाच्या चाळीस बरण्या तिनं बर्फाच्या दोन पेट्यांत भरल्या.

"ऑफिसची गाडी मिळणार नाही हं."

"मागितली कुणी?"

शेअर टॅक्सीच्या ड्रायव्हरनं नाक मुरडलं. "बाई, मेलेले मासे आहेत का?"

"झाकण बंद आहे. गाडी चालवा."

स्फाक्सच्या एका प्रयोगशाळेत तिची मैत्रीण होती. तिथल्या ओव्हनमध्ये गाळ दोन दिवस वाळवला. कुठं निम्मं वजन उडालं, कुठं त्याहून जास्त. पाणी वजा करून तिनं प्रत्येक आकडा पुन्हा काढला. एकतीस ठिकाणं मर्यादेबाहेर गेली. नवा तक्ता तिनं सी लझरांनाही पाठवला.

चौथ्या दिवशी सी लझरांचा फोन आला. "हा तक्ता मी वर पाठवणार नाही."

"मी सकाळीच रजिस्टर्ड पोस्टानं थेट वरच्या ऑफिसला पाठवलाय. ओव्हनच्या रजिस्टरची प्रत जोडून."

"नोकरी जाईल तुझी!"

"जाऊ दे. आधी ते सांडपाणी बंद होऊ दे."