फाटलेल्याची पाच नावं

साल १९६८. माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. थोरल्या जाऊबाईंनीच शब्द टाकून मला त्यांच्या शर्टांच्या कारखान्यात लावलं होतं. त्या खालच्या मजल्यावर मशीनवर कॉलर शिवायच्या आणि मी वर तपासणीच्या टेबलावर. शर्ट उजेडात धरायचा, उलटासुलटा बघायचा, खोट दिसली की बाजूला काढायचा. मग सुपरवायझर येऊन त्यावर इंग्रजीत चिठ्ठी लिहायचा, शिवणारीचा नंबर टाकायचा, आणि खाली मी सही करायची. त्याच्या खिशाला कायम लाल पेन, म्हणून सगळ्याजणी त्याला लालपेनच म्हणायच्या. तो काय लिहितो ते मला वाचता येत नव्हतं, आणि विचारायचं कधी सुचलंही नाही.

एका संध्याकाळी जाऊबाईंनी ओट्यावर दोन चिठ्ठ्या आपटल्या.

"ही सही कुणाची गं?"

"माझी."

"आणि वर काय लिहिलंय?"

मी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली.

"कट लिहिलंय, कट! म्हणजे मी कात्रीनं कापड कापलं. दोन झाल्या. तिसरी आली की माझं नाव काढून टाकतील. नोकरीला लावलं मी, आणि मुळावर आलीस तूच."

त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलेनात. मीठ हवं असलं तरी भिंतीला सांगायच्या. घरात चार भिंती होत्या आणि मी कुठल्याच भिंतीआड लपू शकत नव्हते.

कारखान्याच्या ऑफिसात एक टायपिस्टबाई होत्या. डबा खायला आमच्यात बसायच्या. मी धीर करून विचारलं, "बाई, मला इंग्रजी शिकवाल?"

"कितीसं?"

"फाटलेल्या कापडापुरतं."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दर महिन्याच्या चिठ्ठ्यांची यादी मीच टाइप करते. तुमच्या मजल्यावर नुसते कट. कापड मुळातच खराब आलं, असं कधी होतच नाही." कापडाचे तागे आले की पास करायचं काम लालपेनचं होतं. कापड वाईट ठरलं तर दोष त्याच्यावर. मला सगळा उलगडा झाला.

घरी मी कुणाच्या तरी शाळेतला जुना मराठी-इंग्रजी शब्दकोश मिळवला, उच्चार मराठीत दिलेले होते, दोन दिवस घोकला आणि ऐट मिरवायला खोंच लागलेल्या एका शर्टाला 'इंजुअर्ड' म्हणाले. बाई खोकेपर्यंत हसल्या. "अगं, शर्टाला दवाखान्यात नेणार आहेस का? अर्थ पाठ करू नकोस. आधी कापड बघ. तू घरी काय म्हणतेस? उसवलं, विरलं, फाटलं, खोंच लागली. सगळ्याला एकच शब्द वापरतेस का? नाही ना? तसंच त्यांचंही आहे."

मग मी चिंध्या गोळा केल्या. जुन्या वहीत एकेक टाचायची आणि शेजारी बाई शब्द लिहायच्या, अक्षरं गिरवून घ्यायच्या. पात्यानं कापलं तर कट, कडा सरळ असते. ओढाताणीत फाटलं तर टेअर, कडा दातेरी. खिळ्यात अडकून धागा ओढला गेला तर स्नॅग. काठाचे धागे सुटले तर फ्रे. आणि विणतानाच राहिलेली खोट म्हणजे फ्लॉ. डोळे मिटून, नुसतं बोट फिरवून मला शब्द सांगता यायला लागला.

तिसरी चिठ्ठी सव्वा महिन्यानं आली. कॉलरवर बारीक उभी फट होती. लालपेननं कट लिहिलं, जाऊबाईंचा नंबर टाकला आणि चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली.

"सही कर."

"हा कट नाही, साहेब. फ्लॉ आहे."

"काय म्हणालीस?"

"कडा कापलेली नाही. एक उभा धागाच नाहीये. शिवणीच्या आत बघा, तिथेही फट गेलीय. कात्री तिथे कशी पोचेल?"

"आता तू मला इंग्रजी शिकवणार?"

"शिकवत नाही. ज्यावर सही करायची ते वाचतेय."

"सही कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

मी पेन टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "ताग्यावर बघू या." शर्ट घेऊन मी सरळ कापणीच्या टेबलाकडे गेले. ज्या ताग्यातून हा शर्ट निघाला, त्याच्या उरलेल्या भागाला अजून कात्री लागलेली नव्हती. मी तो दोन्ही हात पसरून वावभर उलगडला. तीच फट, रेघ ओढल्यासारखी, लांबवर गेलेली. तो मागोमाग आला होता, आणि आमच्या तपासणीच्या टेबलावरच्या सगळ्याजणीही. त्यांच्यातली एक मोठ्यानं म्हणाली, "आम्हीही आता वाचूनच सही करणार हं." बाकीच्यांनी नुसत्या माना हलवल्या, पण सगळ्यांनी हलवल्या.

सहीशिवाय चिठ्ठी ऑफिसात जात नसे. लालपेननं ती फाडली आणि नवी लिहिली: फ्लॉ. मी एकेक अक्षर वाचलं. सही केली.

दुसऱ्या दिवशी मला बटणं लावायला बसवलं. तपासणीच्या टेबलावर पुन्हा घेतलं नाही. बावीस वर्षं बटणंच लावली आणि कुणाकडे गेले नाही विनवायला.

लालपेन दोन वर्षांनी दुसऱ्या कारखान्यात गेला, तिथेही सुपरवायझर म्हणूनच. टायपिस्टबाई भावाकडे राहायला गेल्या. तीन पत्रं आली, चौथं आलं नाही. त्या टेबलावरच्या दोघीजणी पुढे रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक झाल्या.

जाऊबाई डोळे साथ देत होते तोवर कॉलर शिवत राहिल्या. तिसरी चिठ्ठी फाडली गेली त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी माझं ताट वाढलं आणि म्हणाल्या, "मीठ बघ, कमी झालंय का." एवढंच. मीठ बरोबर होतं. गेल्या वर्षी त्या गेल्या. ओट्यावर चिठ्ठ्या आपटल्या तेव्हाचे शब्द त्यांनी कधी परत घेतले नाहीत आणि मीही घ्यायला लावले नाहीत. त्या दोन्हींवर सही माझीच होती.