पाहुण्या संघाचा ड्रायव्हर

"आला गं तुझा इटलीवाला," फ्रान्त्सका खिडकीची वाफ पुसत म्हणाली. "आणि आज दाढी करून आलाय. सांभाळ बाई."

पाव्लाने मान वर केली नाही. घेवडा-बार्लीच्या सुपात तिने डाव फिरवला, तळाला लागलेलं खरवडून वर काढलं.

"तोंड आवर. त्याला आपली भाषा थोडी कळते."

"कळू दे की! मी काय शिव्या देतेय?"

डोक्यावर धडधड सुरू झाली. हे स्वयंपाकघर आइस हॉकीच्या मैदानात, प्रेक्षकांच्या बाकांखाली होतं. पोदगोराच्या संघाने बर्फावर पाऊल टाकलं, की वरचे लोक बूट आपटायचे आणि पातेल्यांची झाकणं नाचायची. एवढ्या वर्षांत पाव्लाने एक सामना काही पुरता पाहिला नव्हता. गोल झाला हे तिला झाकणांवरून कळायचं.

तेवढ्यात मागच्या दारातून एर्मिन्यो आला. टोपी काढली, बुटांवरचा बर्फ उंबऱ्यावर झटकला आणि फ्रीजशेजारच्या स्टुलावर जाऊन बसला. दर वेळी तिथेच बसायचा.

पोदगोरा हे पोलादाच्या कारखान्याचं गाव. पाव्लाचा नवरा स्ताने भट्टीवर होता, ती कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये. देश नवा झाला, झेंडा नवा झाला आणि कारखाना मात्र अर्धा बंद पडला. पाठोपाठ स्ताने छातीच्या दुखण्याने गेला. मुलगा स्वीडनला गेला, तो तिकडचाच झाला. पाव्लाला हॉकीच्या मैदानावरचं हे स्वयंपाकघर मिळालं आणि त्याच सुमारास ती तीन देशांची लीग आली. ऑस्ट्रियाचे संघ, इटलीचे संघ आणि आमचे. शनिवारी संध्याकाळी मैदानाबाहेर परक्या नंबरांच्या बसगाड्या उभ्या राहायला लागल्या. भट्टीवरून कमी केलेले म्हातारे गडी छाती काढून चालायचे. म्हणायचे, "कारखाना गेला तर गेला. पण एवढा घाट चढून लोक आपल्याकडे मार खायला येतात की नाही?"

बसचे ड्रायव्हर सामना बघत नसत. गाडीतच झोपायचे. पहिल्या हिवाळ्यात एर्मिन्यो थर्मासमध्ये गरम पाणी मागायला आला होता. ओठ निळे पडलेले. पाव्लाने थर्मास बाजूला ठेवला आणि त्याच्यापुढे सुपाचा वाडगा ठेवला. त्याने तो संपवला, पावाने पुसून घेतला, स्वतः विसळून पालथा घातला. तेव्हापासून त्याचा संघ आला, की तो आत यायचा. हिवाळ्यातून दोनदा, फार तर तीनदा.

दोघं जर्मनमध्ये बोलायची. दोघांचीही जर्मन मोडकी. पण वेगवेगळ्या जागी मोडलेली, त्यामुळे एकाचं अडलं की दुसऱ्याला सापडायचं. घाटात बर्फ किती, मुलीचं नवऱ्याशी का पटत नाही, डिझेल गोठतं तेव्हा काय करायचं, असल्या गप्पा. एकदा त्याने धुराचा पंखा खोलून नीट करून दिला. एकदा सामना लांबला होता, फ्रान्त्सका वर सॉसेज विकायला गेली होती, तेव्हा पाव्लाने त्याला स्तानेचे शेवटचे दिवस सांगितले. स्ताने रात्रभर खुर्चीत बसून असायचा, आडवं झालं की श्वास कोंडायचा, आणि एका पहाटे तिचा डोळा लागला तेवढ्यात तो गेला. हे तिने मुलालाही सांगितलं नव्हतं. एर्मिन्योने चमचा खाली ठेवला. ती बोलायची थांबेपर्यंत त्याने तो उचलला नाही. मग नुसतं म्हणाला, "तुम्ही दमला होता."

त्या तीन शब्दांवर तिने पुढचे कितीतरी महिने काढले.

आज मात्र तो दाढी करून आला होता त्याचं कारण साधंच निघालं; सकाळी नातवाचा बाप्तिस्मा होता. खाऊन झाल्यावर त्याने वाडगा विसळला, टोपी घातली.

"मग नोव्हेंबरात," तो म्हणाला.

"घाटात जपून," ती म्हणाली.

एप्रिलमध्ये क्लबचे सेक्रेटरी झुपान्चिच जेवायला आले आणि सूप फुंकता फुंकता म्हणाले, "संपलं बरं का. लीग बंद."

"बंद? कोणी केली?" फ्रान्त्सकाने विचारलं.

"कोणी म्हणजे? बसले, बोलले, उठले. ज्याची त्याची लीग ज्याच्या त्याच्या देशात. प्रवासाचा खर्च कोणालाच झेपेना."

पाव्ला भांडी घासत होती. पाठ न वळवता तिने विचारलं, "म्हणजे इटलीवाले येणार नाहीत?"

"कशाला येतील, बाई? तुमचं सूप प्यायला?"

टेबलावरचे सगळे हसले. फ्रान्त्सका हसली नाही. तिने उगाचच नळ मोठा सोडला.

पुढचा हिवाळा आला. आता समोर आमचेच संघ, तेच ते, पुन्हा पुन्हा. वरची गर्दी पातळ झाली आणि झाकणं क्वचितच वाजायची. ड्रायव्हर पलीकडच्याच गावचे; त्यांच्यातला एक तर फ्रान्त्सकाचा चुलतभाऊ, तो बिअर पिऊन राजकारण बोलायचा आणि फ्रीजशेजारच्या स्टुलावर पाय टाकायचा. पाव्लाने एकदा त्याचे पाय उचलून खाली ठेवले, तेव्हा तो चकितच झाला.

तोही हिवाळा सरला. पुढच्या ऑक्टोबरात फ्रान्त्सका म्हणाली, "फोन कर ना त्याला."

"करून काय सांगू?"

"सांग, सूप निवतंय."

"वेडी आहेस."

"मी वेडी? दीड वर्ष झालं, इटलीच्या हवामानाच्या बातम्या कोण ऐकतंय?"

त्याच ऑक्टोबरात एका शनिवारी संघ बाहेरगावी गेला होता. पाव्लाने ठेवणीतला हिरवा कोट घातला आणि पहाटेची गाडी धरली. ऑस्ट्रियात गाडी बदलली, सरहद्दीवरच्या स्टेशनावर उतरून बस घेतली. ज्या गावाचं नाव ती इतकी वर्षं लाऊडस्पीकरवर ऐकत आली होती, त्या वाल्तेर्सात ती दुपारी पोचली. हॉकीच्या मैदानाला कुलूप होतं. बाहेर पानं झाडणाऱ्या बाईला तिने नाव सांगितलं.

"एर्मिन्यो? तो आता खोऱ्यातली बस चालवतो. बसा चौकात, येईलच इतक्यात."

ती कारंज्याजवळच्या बाकावर बसली. हातमोजे काढले, परत घातले. बस आली, शाळेची पोरं गलका करत उतरली आणि सगळ्यांत शेवटी तो उतरला. वाळला होता. केस पार पांढरे. त्याने तिच्याकडे पाहिलं, पुढे गेला, थबकला, वळला.

"पोदगोरा!" तो ओरडला आणि दोन्ही हात पसरून आला. "देवा! पोदगोरा!"

त्याने तिला गावाच्या नावाने हाक मारली होती. आपलं नाव आपण त्याला कधी सांगितलं होतं का, हे पाव्ला आठवू लागली. सांगितलं होतं. दोनदा.

पुढच्या फेरीला अवकाश होता. समोरच्या कॅफेत त्याने तिला बसवलं, कॉफी मागवली आणि मालकाला मोठ्याने सांगितलं, "ही बाई मला जेवायला घालायची! तीन देशांत फिरलो, पण हिच्या हातचा सफरचंदाचा श्ट्रुडल... तसा श्ट्रुडल पुन्हा खाल्ला नाही. अजून करता ना हो?"

पाव्लाने उभ्या आयुष्यात श्ट्रुडल केला नव्हता. स्तानेला सफरचंद शिजवलेलं चालत नसे.

"करते की," ती म्हणाली. "यंदा सफरचंदं चांगली आलीत."

"वर दालचिनी. वाफाळता. मी गाडीत बसून हात भाजत खायचो." तो खुशीत हसला. मग हळूहळू गंभीर झाला, कप बशीत फिरवत राहिला. "सहा गावं होती माझी. प्रत्येक ठिकाणी असं एक दार होतं, मागच्या बाजूचं. कोणी सूप द्यायचं, कोणी मटण, कोणी नुसता चहा. बायको गेल्यावर मी खरा जेवलो तो त्या सहा ठिकाणी. इथे मुलीकडे जेवतो. ती भली आहे, पण घाईत असते. लीग बंद झाली तेव्हा पोरांना दुसरे संघ मिळाले. माझं कोणी विचारलं?"

"नाही विचारलं," पाव्ला म्हणाली.

"मला वाटायचं, कोणीतरी येईल. इतकी ओळख होती! कोणीच आलं नाही." त्याने तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, ते त्याने लपवलं नाही. "तुम्ही आलात."

ती चमचा खाली ठेवलेली संध्याकाळ आठवते का, हे विचारायचं तिच्या जिभेवर आलं होतं. त्याने हो म्हटलं असतं, तर ते कोणत्या गावच्या कोणत्या बाईसाठी असतं हे तिला कळलं नसतं. तिने कॉफी संपवली.

शेवटची फेरी स्टेशनापर्यंत होती. त्याने तिला आपल्या मागच्याच सीटवर बसवलं आणि तिकीट घेऊ दिलं नाही. दोन म्हाताऱ्या पहिल्या वस्तीवर उतरल्या, मग बसमध्ये ही दोघंच. एर्मिन्यो घाट दाखवत राहिला. इथे साखळ्या बांधायच्या. इथे एकदा दरड आली, पोरांनी उतरून फावड्यांनी वाट काढली. इथे धुकं असलं, की मी खिडकी उघडून पाण्याच्या आवाजावर चालवायचो. पाव्ला बघत होती. एका बाजूला कडा, एका बाजूला खोल दरी आणि रस्ता इतका अरुंद की समोरून गाडी आली तर एकाने मागेच जायचं. या रस्त्याने, बर्फात, अंधारात हा माणूस तिच्या दारापर्यंत येत होता. हे तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं, त्यानेही नाही.

"भीती नाही वाटायची?" तिने विचारलं.

"जाताना नाही," तो म्हणाला. "परतताना वाटायची."

स्टेशनावर तो खाली उतरला, तिला हात देऊन उतरवलं. मग त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला, सोडला आणि जागेवर जाऊन बसला.

संध्याकाळ उतरली होती. गाडीला वेळ होता. पाव्ला प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत चालत गेली. तिथून घाट दिसत होता. बस वर चढत होती. आतले सगळे दिवे लागलेले, सगळ्या सीटा रिकाम्या, आणि पुढे एक पांढरं डोकं. वळणामागे बस नाहीशी व्हायची, पुन्हा वरच्या अंगाला दिसायची. ती दिसेनाशी होईपर्यंत पाव्ला कोटाची बटणं लावून तिथे उभी राहिली.