चार काळे दात

नातीचे दात काळे पडले, याचं सारेत नावाच्या म्हातारीला काहीच वाटलं नव्हतं. तिच्या आजीच्या काळात लग्नाच्या मुलीचे दात मुद्दाम काळे करत. शाळेत आलेल्या दातांच्या नर्सबाईंनी आधीच बजावलं होतं, "चांदी आणि फ्लोराइडचं औषध आहे, आजी. कीड तिथल्या तिथं थांबेल, पण डाग काळा पडेल आणि तो जायचा नाही. चालेल ना?" म्हातारीनं कागदावर अंगठा उठवला. बारक्या ब्रशनं औषध लावलं, नातीनं, कोलापनं, हूं की चूं केलं नाही. ठणका लागून रडत उठणारी पोर त्यानंतर पोटभर जेवू लागली.

चुकलं एवढंच, की हे थिदाला कळवलं नाही. थिदा म्हणजे म्हातारीची मुलगी, कोलापची आई. तीन वर्षं सीमेपलीकडे थायलंडात मासळीच्या कारखान्यात राबत होती. फोनवर तिचा चेहरा दिसला की म्हातारी पोरीला दटावायची, "तोंड मीट गं." परमुलखात लेकीच्या जिवाला घोर नको!

नव्या वर्षाला थिदा पाच दिवसांची रजा काढून आली. पिशवीत फ्रॉक, बाहुली, आणि मनात एकच आस, की पोरीनं आपल्याला आई म्हणावं. बाहुली बघून कोलाप खुदकन हसली आणि थिदाचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं आई, दात कुजले हिचे! तुझं लक्ष कुठं होतं?"

"कुजले नाहीत गं. औषध लावलंय."

"औषधानं दात काळे होतात? मला शेंड्या लावू नकोस. तुझीच जुनी खुळं असणार ही."

म्हातारीला ते लागलं. ती रुसून गप्प बसली, आणि इथं ती दुसऱ्यांदा चुकली. दुसऱ्या दिवशी थिदा पोरीला बाजारातल्या दात काढणाऱ्याकडे घेऊन गेली. "एवढं तरी माझ्या हातून होऊ दे," म्हणाली. पोरीचे हात तिनंच दाबून धरले. मागोमाग आलेली म्हातारी दुकानाच्या दारातच उभी होती, तिला ते किंचाळणं ऐकवेना.

चौथा दात वाटीत टाकत तो माणूस कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "ताई, कीड तर मेलेली दिसतेय. दात चांगले टणक होते. नवे येईपर्यंत टिकले असते."

 घरी येऊन थिदानं तांदळाची पेज केली, फुंकर घालून निववली आणि चमचा पोरीपुढं धरला. सुजल्या तोंडाची कोलाप आजीच्या कुशीत आणखी आत शिरली.

"आजी, ही बाई परत कधी जाणार?"

म्हातारीनं झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. सगळा दोष आपला आहे हे तिला ओरडून सांगावंसं वाटलं, पण आता ते सांगून कुणाचं काय भलं होणार होतं?

"परवा," थिदाच म्हणाली, आणि गार झालेल्या पेजेवर फुंकर घालत राहिली.