सोमाजी शिपायाची पारध

केसरबाईला राग आला की ती जेवत नसे, आणि गेले सहा महिने ती अर्ध्या पोटीच होती. राग कुणावर, तर सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी मेलेल्या बापावर. मेलेल्या माणसाशी भांडण म्हणजे भिंतीला शिव्या. पण ते तिला कोण सांगणार?

एक्क्याऐंशी वर्षांची ही बाई जन्मभर शहिदाची पोर म्हणून ताठ मानेनं जगली. पोंभुर्ण्याजवळच्या तिच्या गावात विहाराच्या फाटकावर निळ्या अक्षरांत बापाचं नाव होतं: वीर सोमाजी, महार पलटण, ब्रह्मदेशच्या लढाईत शहीद. वरोऱ्याहून तिला तिथं घेऊन आलेल्या आईनं तेच सांगितलं होतं आणि गावानंही तेच मानलं. पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी हिच्याच हातात. आणि मग तिच्या नातवाला, वीज मंडळातल्या मिथुनला, अवदसा आठवली. आजीला तिच्या बापाचा फोटो मिळवून द्यावा म्हणून त्यानं पलटणीच्या कचेरीला पत्र लिहिलं. फोटो काही आला नाही, कागद आला. शिपाई सोमाजी १९४६ साली पलटणीतून नाव कमी होऊन जिवंत परतला होता. पुढच्या पत्रव्यवहारासाठी त्यानं मागाहून कळवलेला पत्ता म्हणून एटापल्लीकडच्या जंगलातल्या एका गावाचं नाव होतं.

"जित्ता होता," केसरबाई म्हणाली. "जित्ता होता अन् मले तोंड दाखवलं नाई."

"जाऊ दे ना आजी. जुनी गोष्ट झाली."

"काऊन जाऊ देऊ? तूच उकरलं ना? आता पुरं उकर. त्यानं मले टाकून देल्लं का, एवढंच मले पाह्यजे."

मिथुननं चार महिने फोन केले. शेवटी त्या गावचा लच्छू नावाचा वनरक्षक फोनवर भेटला. तो म्हणाला, आमची आजी धुरपता सांगते एका शिपायाची गोष्ट, या तुम्ही. पण तुमचा त्याच्याशी संबंध काय? "मी जुन्या शिपायांची माहिती गोळा करून राह्यलो," मिथुन म्हणाला. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. आणि तीच त्याची चूक झाली.

चैत्रात दोघं भाड्याच्या जीपनं निघाले. सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक समोरून येत होते आणि केसरबाईचं पांढरं लुगडं एटापल्लीपर्यंत तांबडं झालं. वाटेत तिनं पाण्याचा थेंब घेतला नाही.

धुरपताच्या अंगणात मोहफुलं वाळत पडली होती. ती केसरबाईहून पाच वर्षांनी मोठी, कपाळावर गोंदण, अंगानं काटकी. बाजारात मोहफुलं विकून विकून मराठी शिकलेली. तिनं पाहुण्यांना पाणी दिलं, बाजेवर बसवलं आणि शिपाई हा शब्द ऐकताच थुंकली.

"चांगला होता पहिले," ती म्हणाली. "ठेकेदाराच्या लाकडांवर राखणीले होता. माह्या भावाचा दोस्त, चैतूचा. चैतूनं त्याले आमची बोली शिकवली. आमच्याच घरी जेवे. मी नऊ वर्षांची. मले तो खांद्यावर घे."

मग तिनं पारधीचं सांगितलं. पेरणीआधी गाव पारधीला निघे. अर्धे लोक डोंगराच्या पलीकडून ढोल बडवत, आरडाओरडा करत जनावरं हाकत येत. उरलेले नाल्याच्या अलीकडे धनुष्यं घेऊन दबा धरून बसत. त्या वर्षी गावानं ठरवलं, आपल्याकडे लढाईवरून आलेला शिपाई आहे, नाल्याच्या मोक्याची जागा त्याला देऊ. मोठा मान होता तो. ठेकेदाराची ठासणीची बंदूक त्याच्या हातात दिली. त्यानं नको नको म्हटलं, तर लोक हसले. इतका मोठा शिपाई आणि डुकराला भितो!

"त्याले डुकराचं भेव नोतं," धुरपता म्हणाली. "ब्रह्मदेशात झाडीतून असेच माणसं वरडत येत, त्याच्या संगातल्यांले भोसकून जात. हे त्यानं माह्या बापाले सांगलं होतं. पण बापाच्या ध्यानातच आलं नाई. कोनाच्याच आलं नाई."

ढोल जवळ आले. झाडी हलली. सगळ्यांच्या पुढे चैतू होता, अठरा वर्षांचा, लग्न ठरलेला, गळ्यात ढोल. गोळी त्याच्या मानेत घुसली. तो ढोलावरच पालथा पडला आणि त्याच्या रक्तानं चामडं भिजलं. बायका पाणी घेऊन मागून आल्या होत्या, त्यांत नऊ वर्षांची धुरपता होती. तिनं पाहिलं की शिपाई 'आ गये, आ गये' असा किंचाळतो आहे. बंदुकीत एकच बार असतो. तो संपल्यावर त्यानं कुऱ्हाड उचलली. चैतूला उचलायला धावलेल्या तिच्या काकाच्या जबड्यावर पहिला घाव बसला, दुसरा छातीवर. काका तिथंच संपला.

"मंग लोकायनं त्याले तोडलं," धुरपता म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "बकऱ्याले एक घाव लागते. त्याले किती लागले मले मोजता नाई आले. हात तुटून पडला तरी त्यातली कुऱ्हाड सुटे ना. माह्या बापानंच शेवटचा घाव घातला. गावच्या मेलेल्यांचे दगड उभे हायेत तिकडं, चैतूचा हाये, काकाचा हाये. त्याले दगड नाई. ओढत नेलं अन् नाल्यात फेकलं. डुकरायनं खाल्लं."

मिथुन उठून उभा राहिला. केसरबाई मात्र हलली नाही. तिला हे नको होतं. तिला तिच्या एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं.

"त्याले घरदार होतं ना? बायको होती, पोर होती," ती म्हणाली. "तो इथी आलाच काऊन?"

"होती ना. वरोऱ्याले होती बायको, कापसाच्या जिनिंगात कामाले. बापाजवळ रडला होता तो. घरी आला अन् तिसऱ्या राती झोपेत पोरीचा गळा धरला. दोन वर्षांची पोर, निळी पडली. बायकोनं मुसळ घातलं डोक्यात तवा सोडली. दिवस उगवाच्या आधीच तो निघाला. म्हणे, माह्या हाताजवळ माह्या पोरीनं राहू नये."

केसरबाईच्या छातीतून सहा महिन्यांचा धोंडा निघाला. तिला आनंद झाला, लाज वाटावी इतका आनंद. टाकलं नव्हतं तिला! वाऱ्यावर सोडलं नव्हतं! आईनं खोटं बोलून तेवढं झाकलं होतं. म्हाताऱ्या बाईला हुंदका आवरेना आणि तोंडही.

"मले वाचवाले गेला माहा बाप!" ती ओरडली. "मले वाचवाले!"

दाराशी उभ्या लच्छूनं आधी मिथुनकडे पाहिलं, मग त्याची गचांडी धरून त्याला दाराच्या खांबावर आपटलं. "माहिती गोळा करून राह्यला? आमच्या घरचं पाणी पिऊन?" मिथुनचा ओठ फुटला. लच्छूनं त्याला दुसऱ्यांदा आपटलं.

"सोड त्याले," धुरपता म्हणाली. ती केसरबाईसमोर येऊन उभी राहिली. "ते पोर तू हायेस?"

"मीच."

"लेकरं किती तुले?"

"चार," केसरबाई म्हणाली. "नातवंडं नऊ."

धुरपतानं मान हलवली. ती एक एक शब्द वेचून बोलली. "चैतूले एकबी नाई. तुह्या वाट्याचं मरन होतं ते. तुह्या बापानं ते चालत इथी आनलं अन् माह्या भावाले देल्लं."

केसरबाईनं ते नाकारलं नाही, कारण बाई रागीट होती, पण खोटी नव्हती. धुरपतानं भिंतीला टेकवलेली काठी घेतली आणि हाणली. पहिला फटका खांद्यावर बसला. दुसऱ्यानं गळ्याजवळचं हाड वाजलं. रक्ताळल्या तोंडानं मिथुन मध्ये धावला.

"हात लावू नोको तिले," केसरबाई त्याच्यावर खेकसली. "मारू दे."

तिसरा फटका कानावर आला आणि पांढऱ्या केसांतून रक्त लुगड्यावर उतरलं. चौथ्यासाठी धुरपतानं हात वर केला, पण शहाऐंशी वर्षांचा हात तो, मूठ सुटली आणि काठी मोहफुलांत पडली.

केसरबाई बाजेवरून उठली, वाकली, काठी उचलली आणि पुन्हा तिच्या हातात दिली.