संपतची दाढ

"मॅडम, मला सगळ्यात कडक कॅप द्या. फुटली न्हाई पाह्यजे," खुर्चीत आडवा झालेला संपत तोंडातला कापूस काढून म्हणाला.

अंबडच्या डॉ. अक्षता त्याला तिसऱ्यांदा समजावत होत्या. "काका, खऱ्या दाढेच्या मुळाशी मऊ पदर असतो, तो धक्का झेलतो. हा स्क्रू थेट हाडात बसवलाय. त्यावरची कॅप जितकी कडक, तितका मार हाडाला. जरा मऊ घेतली तर ती झिजेल, आपण बदलू. हाड कुठून आणून बदलू?"

"झिजणारी दाढ घिऊन मोंढ्यात उभा राहू का म्या?"

हट्टाला औषध नसतं, ते दाताच्या दवाखान्यात तरी कुठून मिळणार. संपतने कडकच बसवून घेतली.

त्याच्या हट्टालाही कारण होतं. तीर्थपुरीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, तीस वर्षं तो दाण्यातली ओल दाढेखाली पारखत होता. ओलीला तिथे 'हवा' म्हणतात. वाळलेला दाणा कट्कन दुभंगतो, हवेचा दाणा चेपतो. मधल्या साऱ्या छटा संपतच्या डाव्या दाढेला कळत. उजव्या दाढा कधीच गेल्या होत्या; यंदा डावीही गेली आणि तिच्या जागी हा स्क्रू आला. त्याचा बाप याच मोंढ्यात हमाल होता आणि त्याला पाणी वरून ओतून दिलं जाई. पोराने दाणा चावून 'बराबर' म्हटल्याशिवाय मात्र पाटलांचंही पोतं काट्यावर चढत नसे. त्याचा मालक असलेल्या आडत्या भुजंगशेठकडे हवा मोजायचं मशीन होतं, पण शेतकरी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसत. या मानावर संपत जगत होता. दुसरं त्याच्याकडे होतं काय?

सोयाबीनचा हंगाम सुरू झाला. पहिल्याच दिवशी त्याच्या लक्षात आलं, नव्या दाढेखाली दाणा फुटतो, पण कसा फुटला ते कळत नाही. म्हणून तो अधिक जोराने चावू लागला, दिवसाला शंभर-दीडशे वेळा. दिवाळीनंतर हिरडी ठणकायला लागली.

"मॅडमला दाखवून या जल्दी," बायको कांताबाई म्हणाली.

"हंगाम निघू दे मंग."

झाकली मूठ सव्वा लाखाची. मिठाच्या गुळण्या करत तो कामावर जात राहिला.

मग एका आठवड्यात सगळ्यांच्याच मालाला हवा निघू लागली.

त्या शनिवारी गोजरबाईने पाच पोती आणली. संपतने दाणा चावला, पुन्हा चावला. "हवा हाय, अक्का."

"अवो भाऊ, पंधरा दिस पत्र्यावर वाळवलंय!"

"दाणा दबून राह्यला. म्या काय करू?"

आठवडाभर गिऱ्हाईक शेजारच्या आडतीवर चाललं होतं, म्हणून भुजंगशेठने या वेळी मशीन आणलं. आकडा आला नऊ. माल खडखडीत वाळलेला होता.

मशीन गोजरबाईच्याच बाजूने बोललं होतं, तरी ती त्याच्यावर खेकसली, "लबाड बोलून राह्यलं हे! संपतभाऊची दाढ कधी चुकली न्हाई."

तिची ती माया संपतला सहन झाली नाही. त्याने मान फिरवली आणि जिभेने कॅप ढकलून पाहिली. ती हलली. इतके दिवस दबत होती ती दाढ होती, दाणा नव्हे.

दुसऱ्या दिवशी डॉ. अक्षतांनी एक्स-रे उजेडात धरला. स्क्रूभोवतीचं हाड खचलं होतं. तो त्यांनी चिमट्याने सहज उपसून काढला. कॅपवर साधा ओरखडा नव्हता.

"पुन्हा बसवायला खाली हाडच उरलं नाही, काका."

मॅडमने 'मी सांगितलं होतं' म्हटलं असतं तरी संपतला बरं वाटलं असतं. त्या हात धुवायला गेल्या.

शेठने त्याला काढलं नाही, एवढं खरं. सोमवारी मशीनपाशी उभं केलं. भारत नावाच्या शेतकऱ्याने सवयीने मूठभर दाणे त्याच्यापुढे धरले. संपतने ते मशीनच्या कपात ओतले आणि आकडा येईपर्यंत थांबला.

"बारा," त्याने वाचलं.

"ते मशीनचं झालं. तुमी काय म्हणता?"

संपतचा डावा गाल आत गेला होता.

"म्या काय म्हणणार," तो म्हणाला. "बारा."