धुक्यात मी दक्षिण दाखवली

मित्रांनो, मी एक जुने होकायंत्र आहे. स्कॉटलंडमधल्या एका घरात, लोकरी मोज्यांच्या खणात मी आठ वर्षे पडून आहे.

मी मूळचे मोरागबाईंचे. मला गळ्यात अडकवून त्यांनी तीस वर्षे डोंगर पालथे घातले. त्या गेल्यावर त्यांचे पती मर्डो अगदी एकटे पडले, धड जेवेनासेही झाले. शेवटी त्यांनी गावच्या गिर्यारोहक मंडळात नाव घातले. तिथे त्यांना फर्गस आणि इशबेल भेटले. ओळख जेमतेम तीन आठवड्यांची, पण फर्गसच्या थट्टेने मर्डो पुन्हा हसू लागले. मला फार बरे वाटले.

पहिल्याच चढाईच्या आदल्या रात्री मर्डोंनी मला जाकिटाच्या छातीच्या खिशात जपून ठेवले, लेकीने दिलेल्या नव्या फोनशेजारी. त्या फोनच्या कव्हरला लोहचुंबक होते. त्याने रातोरात माझा काटा उलटा करून टाकला आणि मला कळलेही नाही.

माथ्यावर दाट धुके होते, पाऊस आडवा झोडपत होता. तिथल्या रीतीप्रमाणे तिघांनी दगडांच्या राशीवर एकेक दगड ठेवला. मग मर्डोंनी मला बाहेर काढले आणि मी दाखवले तिकडे सगळे निघाले.

चढताना वारा तोंडावर होता. आल्या वाटेने उतरताना तो पाठीवर यायला हवा होता.

"मर्डो, वारा अजून तोंडावरच येतोय. बरोबर चाललोय ना आपण?" फर्गसने विचारले.

"हे मोरागचं आहे. तीस वर्षांत एकदाही चुकलेलं नाही."

इशबेलच्या पाठपिशवीत दुसरे होकायंत्र होते. पण ओळख नवी, माणूस दुःखातला. ते बाहेर काढायला तिला संकोच वाटला.

"बरं बाबा, मोरागबाई म्हणतील तसं," म्हणत फर्गस हसून पुढे झाला. पुढे कडा होता.

मर्डो पुन्हा डोंगरावर गेले नाहीत. इशबेल मात्र दर रविवारी सूप घेऊन येते. एकदा तिने रडत पिशवीतल्या होकायंत्राचे सांगितले. मर्डोंनी सूपाचा वाडगा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मी तुला ते काढू दिलं नसतं, पोरी."

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया जरूर करा, पण घरातून निघण्याआधी आम्हाला एकदा तपासून बघा. आणि शंका आली तर ओळख नवी म्हणून गप्प बसू नका. मर्डोंनी मला जिवापाड जपले, पण त्या सकाळी दारात उभे राहून एकदा काटा पाहिला असता, तर रविवारच्या सूपाला आज फर्गसही असता.