नूडलसाठी क्लॅरीने बांधलेलं घर

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या चिल्डर्स गावात माणूस स्वतः दोन खोल्यांत दाटीवाटीने राहील, पण मागची शेड अशी बांधील की तिच्यात विमान वळावं. त्यामुळे शेजारच्या क्लॅरीने बायकोच्या, म्हणजे नोएलाच्या, सापासाठी पेटी करायला घेतली तेव्हाच मी ओळखलं, हे प्रकरण लांबणार.

साप म्हणजे अजगराचं पिल्लू, बुटाच्या नाडीएवढं. नोएलाने त्याचं नाव नूडल ठेवलं होतं. मुलं ब्रिस्बेनला गेल्यापासून ती पहिल्यांदाच कुणाशी तरी लाडाने बोलत होती. पिल्लू देणाऱ्या बाईने बजावलं होतं, "सध्या छोटा डबाच द्या."

"पुढे वाढणारच ना ते?" क्लॅरी म्हणाला. "एकदाच काय ते बांधतो."

त्याने जुनी कपाटं जोडली, कुणाच्या तरी व्हरांड्याची काचेची दारं बसवली. पेटी एवढी लांब झाली की एका टोकाला दिवा लावला तर तिथे आमच्याकडच्या डिसेंबरचा उकाडा आणि दुसऱ्या टोकाला जुलैची थंडी. मधोमध एकदा धुकं पडलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. एका मॅगपाय पक्षिणीने आत घरटं केलं, तिला बाहेर काढताना क्लॅरीच्या टकलावर चोची बसल्या.

नूडल मात्र आत गेला आणि तिथे ठेवलेल्या झाडाच्या सालपटामागे दडून बसला. नोएला चिमट्यात उंदराचं पिल्लू धरून तासन् तास उभी राहायची. तो तोंड उघडेना.

"रविवारपर्यंत खाल्लं नाही तर परत देऊन येते," ती म्हणाली. आवाज साधाच होता, पण माझ्या चहात तिने साखरेऐवजी मीठ घातलं.

"एवढं ऐसपैस घर, आणि न आवडायला काय झालं?" क्लॅरी कुरकुरला.

मी म्हणालो, "लेका, तुला रात्री मोकळ्या मैदानाच्या मधोमध बसवून मटणाचा चॉप वाढला तर खाशील का?"

"चॉप कसा आहे त्यावर."

रविवार उजाडला. आणखी एक फांदी बसवायला क्लॅरी सकाळीच आत शिरला. फांदी बसली, पण सालपट उचललं तर नूडल गायब. आम्ही दोघं म्हातारे रांगत रांगत पार जुलैपर्यंत जाऊन आलो. शेवटी दमून क्लॅरीने सोबत आणलेला आपला जेवणाचा पत्र्याचा डबा जवळ ओढला. झाकण अर्धवट उघडंच होतं. आत सँडविचच्या बाजूला, चारी भिंतींना अंग टेकवून, नूडल वेटोळं घालून बसला होता.

"हलू नकोस," काचेच्या दारातून नोएला पुटपुटली. तिने उंदराचं पिल्लू धरलेला चिमटा हळूच पुढे केला. नूडलने त्यावर अशी झडप घातली की क्लॅरी मागे कोलमडला.

"माझं सँडविच," तो म्हणाला.

"आता ते नूडलचं."

त्याच संध्याकाळी तिने झाकणाला भोकं पाडलेला छोटा डबा आणला. "अंगाला भिंत लागली की त्याला धीर येतो. वाढला की मोठा डबा, आणखी वाढला की आणखी मोठा." परत देण्याचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

क्लॅरी रुसला. मग एका थंडगार दुपारी तो कुठे दिसेना. नोएला आणि मी शेडमध्ये गेलो. डिसेंबरच्या टोकाला, दिव्याखाली खुर्ची टाकून, दुखरे गुडघे पसरून गडी घोरत होता. बिअर जुलैच्या टोकाला गार व्हायला ठेवली होती.

नोएलाने काचेवर टकटक केली. "जेवायला चल, म्हाताऱ्या."

"इथेच आण," तो डोळे न उघडता म्हणाला.

ती गेली आणि चॉप घेऊन आली, चिमट्यात धरून. दार सरकवून तिने तो त्याच्या नाकापुढे धरला.

त्याने लगेच खाल्ला.

"याच्या मापाला बरोबर बसलं," नोएला मला म्हणाली, आणि दार लावून घेतलं.